भुऱ्याला निरोप द्यायचा राहिलाय: लांडगा केंद्राच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

संचालक मंडळातल्या सगळ्या सदस्यांना नमस्कार,

आपला लांडगा भुऱ्या गेल्याची तुमची नोटीस वाचली. दोनच ओळी आहेत त्यात. पहिल्या ओळीत आमचा अल्फा नर वयोमानाने गेला असं आहे आणि दुसऱ्या ओळीत लगेच नवीन पिल्लं येणार, त्यातल्या एकाचं नाव भुऱ्याच ठेवणार, असं. मी तुम्हाला आधी मेल केला होता, मग ऑफिसमध्ये येऊन बोलायचा प्रयत्न केला, बोर्डाचा निर्णय झालाय एवढंच ऐकून परत आले. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण भुऱ्या एकट्या बोर्डाचा नव्हता, त्याला वाढवणारे, त्याच्या नावाने वर्षानुवर्षं डोनेशन देणारे, आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन कुंपणापाशी तासन्‌तास उभे राहणारे असे कितीतरी लोक आहेत आणि त्यांना अजून धड कळलेलंच नाही की तो कसा गेला.

मी कोण ते आधी सांगते. भुऱ्याला बाटलीवर वाढवणाऱ्या टीममध्ये मी होते. तो आला तेव्हा त्याचे डोळे नुकते किलकिले व्हायला लागले होते. लांडग्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, डोळे उघडायला साधारण दहा ते चौदा दिवस जातात, आणि माणसाची सवय लावायची असेल तर याच दिवसांत त्याला आईपासून उचलावं लागतं. तीन आठवडे उलटले की सगळं फार अवघड होऊन बसतं. कुत्र्याच्या पिल्लाला जरा उशिरा हातात घेतलं तरी चालतं, लांडग्याच्या बाबतीत ती सवलत नाही. म्हणजे मग दिवसरात्र कुणीतरी माणूस पिल्लाजवळ पाहिजेच, एक रात्रही सुट्टी नाही. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, जमिनीवर गाद्या टाकून तिथेच झोपायचो, दर तीन-चार तासांनी बाटली, आणि बाटली झाली की कोमट ओल्या कापडाने त्याचं पोट आणि शेपटीखालचा भाग हळूहळू पुसायचा कारण एवढ्या लहान पिल्लाला आपणहून शी-सू होत नाही, आई चाटते तेव्हाच होते. ते आईचं काम आम्ही केलं. तांबी हे मादी पिल्लू पण त्याच खोलीत वाढलं, दोघं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायची, आणि भुऱ्याला झोप आली की माझ्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसायची सवय होती. पुढे एवढा दांडगा नर झाला तरी एन्क्लोजरमध्ये गेलं की आधी तोंड चाटायचा आणि मग नाक तिथेच, कोपरात. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची हिवाळ्याची लव सुटायला लागायची, मूठमूठभर निघायची, तेव्हा तो स्वतः येऊन बाजू द्यायचा की काढा ही. माझ्याकडे त्यातली थोडी लव डबीत ठेवलेली आहे. त्याची म्हणून एवढीच वस्तू आज माझ्याजवळ आहे.

हे सगळं भावनिक वाटेल तुम्हाला, वाटू दे, पण यात एक साधा हिशोब आहे जो तुम्ही विसरलात असं मला वाटतं. त्याला आईपासून आपण उचललं. त्याने सांगितलं नव्हतं. अशा पद्धतीने वाढवलेला लांडगा पुन्हा जंगलात सोडता येत नाही, माणसाची भीती गेलेली असते, आणि भीती गेलेला लांडगा माणसाच्या वस्तीजवळ जातो आणि गोळी खातो. म्हणजे त्याचं अख्खं आयुष्य आपल्या निर्णयांवर चाललं, कुठे राहायचं, कुणासोबत राहायचं, काय खायचं, कुणाला भेटायचं, आणि शेवटी कधी जायचं हे पण आपणच ठरवलं. ज्याचं सगळं आपण ठरवलं त्याला शेवट नीट देणं आपल्यावर आहे, आणि तो गेल्यावर त्याच्या मागे जे राहिलंय त्याचं बघणं पण आपल्यावरच आहे. जंगलातल्या लांडग्याला आपण काही देणं लागत नसू कदाचित, त्याला त्याचं जंगल द्या बास, पण याला लागतो. माझं मूळ म्हणणं एवढंच आहे.

आता तक्रारी. पहिली आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे आम्हाला कुणी फोन केला नाही. त्याच्या किडन्या कामातून गेल्या होत्या, मागचे पाय धरत नव्हते, उठायला त्रास व्हायचा, हे आम्हाला माहीत होतं. व्हेटनी इंजेक्शन देऊन त्याला मोकळं करायचं ठरवलं त्याला माझा विरोध नाही, अजिबात नाही, जंगलात लांडगे बहुतेक सहा-आठ वर्षांच्या पुढे जात नाहीत आणि भुऱ्या त्याच्या कितीतरी पुढे गेला होता, त्याला ओढत ठेवण्यात काही दया नव्हती. पण ती वेळ आदल्या दिवशी ठरली होती. इमर्जन्सी नव्हती. ड्यूटीवर त्या दिवशी जे होते ते चांगली माणसं आहेत पण ती नवीन होती, त्याला वाढवलेल्यांपैकी एकही माणूस तिथे नव्हता. आणि हे नुसतं आमच्या मनाच्या समाधानाचं नाहीये. स्टॉकहोम युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १० लांडग्यांची पिल्लं आणि १२ कुत्र्यांची पिल्लं दहा दिवसांची असल्यापासून सारख्याच पद्धतीने हातावर वाढवली आणि ती २३ आठवड्यांची झाल्यावर त्यांना अनोळखी खोलीत नेऊन टेस्ट घेतली, त्याचा रिपोर्ट २०२२ मध्ये आलाय. लांडगे अनोळखी माणसासोबत अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायचे आणि त्यांना वाढवणारं माणूस आत आलं की त्या येरझाऱ्या थांबायच्या. म्हणजे भुऱ्याला त्या वेळी शांत ठेवायला औषधाशिवाय अजून एक गोष्ट उपलब्ध होती आणि ती फक्त एका फोनवर होती. मी मध्यरात्री पण आले असते. आम्ही सगळेच आलो असतो.

दुसरं तांबीचं. त्याला बेशुद्ध करून बाजूच्या छोट्या भागात घेतलं, दार लावलं, आणि तिथूनच गाडीत घालून नेलं. तांबीला त्याचं शरीर दाखवलं नाही. तिच्या बाजूने विचार करून बघा, तो दारामागे गेला आणि परत आलाच नाही, याच्यापलीकडे तिला काहीही माहीत नाही. ती अजून त्या दारापाशी जाऊन बसते असं आतले लोक सांगतात, रात्री हाऊल करते, थांबते, परत करते. कुणी म्हणेल लांडगे असेही ओरडतातच. ओरडतात, पण कुणासाठी किती ओरडतात हे तपासलेलं आहे. ऑस्ट्रियात अर्न्स्टब्रुनला वुल्फ सायन्स सेंटर आहे, तिथले लांडगेही हातावरच वाढवलेले असतात, तिथे एकेका लांडग्याला कळपातून काढून फिरायला नेलं आणि मागे राहिलेले काय करतात ते नोंदवलं. २०१३ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे तो. ज्याच्याशी जवळीक जास्त तो गेला की मागच्यांच्या हाळ्या जास्त, आणि लाळेतल्या स्ट्रेस हार्मोनवरून त्या हाळ्यांचा हिशोब लागत नव्हता, नात्यावरून लागत होता. तिथे तो लांडगा तासाभराच्या आत परत यायचा. तांबीसाठी कुणी परत येणार नाहीये आणि हे तिला समजायची एकच संधी होती, ती आपण तिला दिली नाही.

आणि शरीर दाखवणं ही काही मी डोक्यातून काढलेली कल्पना नाही. डिसेंबर २००४ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड झूमध्ये बॅब्स नावाची गोरिला मादी गेली, तिलाही किडनीचाच आजार होता आणि तिलाही इंजेक्शनच द्यावं लागलं होतं, तर तिथल्या लोकांनी बाकीच्या गोरिलांना एकेक करून तिच्याजवळ जाऊ दिलं होतं. वास घेतला, हात लावला, बसले, गेले. त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि आपण अजून दार लावून घेतोय. लांडग्याला मरण कळतं की नाही यावर मी वाद घालणार नाही. वास त्याला कळतो याच्यावर तर वाद नाही ना, मग तो वास तरी तिला घेऊ द्यायचा होता.

तिसरं, नोटीसमधला तो अल्फा शब्द. एरवी मी सोडून दिलं असतं, पण आपण स्वतःला शिकवणारं केंद्र म्हणवतो. अल्फाची, म्हणजे दांडगाईने कळपाचा राजा झालेल्या लांडग्याची, कल्पना रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाच्या १९४७ च्या निरीक्षणांतून पसरली आणि ती बाझेलच्या झूमध्ये कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरची होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं, तिथे कुणी मारामारी करून राजा झालेला नसतो. आपल्याच गाइड टूरमध्ये आम्ही हे मुलांना सांगत आलो. आणि भुऱ्या तर असल्या दांडगाईपासून फार लांब होता, जेवणाच्या वेळी तांबी त्याच्या तोंडातून तुकडा ओढून न्यायची आणि तो बघत बसायचा. त्याच्याबद्दलच्या दोन ओळींत एक शब्द तरी त्याचा असायला हवा होता. ज्यांनी ती नोटीस लिहिली त्यांनी त्याला जवळून पाहिलंच नव्हतं हे वाचताक्षणी कळतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं ते पाच मिनिटांच्या अंतरावर होते, त्यांना विचारायचं होतं.

चौथी गोष्ट नाव. नवीन पिल्लाला भुऱ्या म्हणायचं तुम्ही ठरवलंय, दत्तक योजनेत अजून त्याचेच फोटो आहेत, अजून लोक त्याच्या नावाने नोंदणी करतायत आणि त्यांना कुणी सांगत नाही की हा गेला. यात फसवण्याचा हेतू आहे असं मी म्हणत नाही, वेबसाइट बदलायचं राहून गेलं असेल, पण मग आज बदला. आणि नाव कृपा करून देऊ नका. पिल्लावर पण अन्याय आहे तो, ते बिचारं त्याच्या स्वभावाचं वेगळं असणार आणि येणारा प्रत्येक माणूस त्याला जुन्या भुऱ्याशी ताडून बघणार. अलास्कात जुनो शहराजवळ २००३ पासून एक काळा लांडगा यायचा, पूर्ण जंगली, कुणी वाढवलेला नाही, तिथल्या कुत्र्यांशी खेळायचा, लोकांनी त्याचं नाव रोमिओ ठेवलं होतं. २००९ मध्ये त्याला मारलं गेलं. पुढच्या वर्षी लोक जमले, त्याची आठवण काढली, ग्लेशियरजवळच्या पायवाटेवर त्याच्या नावाची पाटी लावली. तो कुणाचाच नव्हता तरी. आपला तर आपण मांडीवर वाढवलेला होता आणि आपल्याकडे त्याची एक पाटी नाही.

पाचवं, वह्या. हे बाहेरच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते. पहिल्या रात्रीपासून प्रत्येक पाळीला आम्ही वही लिहायचो, किती प्यायला, वजन किती, पहिल्यांदा कान कधी उभे राहिले, पहिल्यांदा हाऊल करायचा प्रयत्न केला आणि स्वतःच दचकला तो दिवस, गडगडाटाला कसा वागला, कुठल्या व्हॉलंटियरला आवडीने भेटायचा आणि कुणाला बघून लांब राहायचा, दोन वर्षांचा झाल्यावर त्याचं वागणं कसं बदललं, त्या काळात आम्ही आत जाणं कसं कमी केलं, मग परत कसं सुरू केलं. म्हातारपणी कुठला पाय आधी दुखायला लागला हे पण त्यात आहे. एका लांडग्याचं पूर्ण आयुष्य, रोजच्या रोज. असं रेकॉर्ड फार कमी ठिकाणी असतं. आणि आता ऐकतेय की स्टोअर रूम रिकामी करायची म्हणून त्या वह्या रद्दीत काढायच्या यादीत आहेत. मला हे खरं वाटलं नाही, मी दोघांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं. अमेरिकेत मिनेसोटातल्या ईली गावी इंटरनॅशनल वुल्फ सेंटर आहे, तिथे लांडग्यांच्या नोंदी लोकांना वाचायला खुल्या ठेवतात, म्हाताऱ्या लांडग्यांसाठी वेगळी निवांत जागा केलेली आहे, गेलेल्यांची आठवण ठेवलेली आहे. मोठं केंद्र आहे ते, आपलं तेवढं नाही, मान्य. पण वही न फेकायला पैसे लागत नाहीत.

त्याच वह्यांना जोडून पोस्टमॉर्टेमचा विषय आहे. ते झालं की नाही हेच आम्हाला कळलेलं नाही. झालं असेल तर रिपोर्ट दाखवा. किडन्या कशाने गेल्या, वयाने, जुन्या एखाद्या इन्फेक्शनने, की खाण्यातल्या कशाने, हे तांबीसाठी माहीत असणं गरजेचं आहे कारण ती त्याच्याच वयाची आहे आणि तेच खात आली आहे.

आणि शेवटची तक्रार, थोडक्यात. स्टाफला सांगण्यात आलं की व्हिजिटर्ससमोर रडायचं नाही आणि भुऱ्याबद्दल काही पोस्ट करायचं नाही. ज्या मुलीने त्याची शेवटची औषधं दिली ती माझ्याजवळ फोनवर अर्धा तास रडली आणि मग म्हणाली कुणाला सांगू नका, म्हणून तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. प्राण्यांची कामं करणारी माणसं हे दुःख गिळतात आणि मग एक दिवस काम सोडून जातात, चांगली माणसं अशीच जातात. त्यांना रडू द्या हो. व्हिजिटरला पण कळू दे की इथे जीव लावला जातो.

नवीन पिल्लांना माझा विरोध आहे असा अर्थ काढू नका. पिल्लं येऊ देत, त्यांनाही कुणीतरी रात्र जागून वाढवणारं लागेल आणि मला बोलावलंत तर मी येईन. पण तांबीला मागच्या छोट्या पिंजऱ्यात हलवून तिच्या जागेत पिल्लं ठेवायची हा जो प्लॅन आहे तो थांबवा. तिचं सगळं आयुष्य त्या एन्क्लोजरमध्ये गेलंय, त्या मातीत अजून भुऱ्याचा वास आहे, जोडीदार गेला आणि लगेच जागा पण गेली असं म्हाताऱ्या जनावराचं करू नये. लांडगा एकटा राहणारा प्राणी नाही हेही खरं, तिला सोबत लागेलच. ती सोबत कोण असावी, शांत स्वभावाचा दुसरा म्हातारा लांडगा की पिल्लांशी कुंपणाआडून हळूहळू ओळख, हे व्हेट आणि तिला ओळखणारे केअरटेकर यांनी बसून ठरवावं. गर्दीचा सीझन कधी सुरू होतो यावरून ते ठरू नये.

तर माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. तांबीला हलवण्याचा निर्णय आजच थांबवा. भुऱ्याच्या सगळ्या वह्या रद्दीच्या यादीतून काढा, स्कॅन करा, अभ्यास करणाऱ्यांना आणि पुढे पिल्लं वाढवणाऱ्यांना मिळतील अशा ठेवा, स्कॅनिंगचं काम आम्ही जुने लोक फुकट करू. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आणि त्याच्या शरीराचं पुढे काय केलं ते सांगा, पुरलं असेल तर कुठे ते दाखवा, जाळलं असेल तर राख कुठे आहे ते सांगा. त्याचं नाव दुसऱ्या कुठल्या लांडग्याला देऊ नका. दत्तक योजनेतल्या प्रत्येकाला तो गेल्याचं पत्र जाऊ दे, आणि ते त्याला ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेलं असू दे, तुम्ही सांगाल तर मी लिहून देते. एक दिवस केंद्र बंद झाल्यानंतर स्टाफ, जुने व्हॉलंटियर आणि ज्यांना यायचंय त्या सगळ्यांना कुंपणापाशी जमू द्या, भाषणं नकोत, तांबीला त्रास होईल असा आवाज नको, ज्याला जे सांगायचंय ते त्याने सांगावं. एक पाटी लावा, त्यावर त्याचं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. आणि यापुढे कुठल्याही लांडग्याला इंजेक्शन द्यायचं ठरलं तर त्याला वाढवणाऱ्यांना कळवायचं आणि त्याच्या सोबतच्या लांडग्यांना शरीराजवळ जाऊ द्यायचं, व्हेटच्या मते संसर्गाचा धोका नसेल तर, असा लेखी नियम करा.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही आणि एकही गोष्ट कुणाला दोषी ठरवण्यासाठी मागितलेली नाही. तुमच्यातले काहीजण भुऱ्या पिल्लू असताना त्याला बघायला आले होते, हातात घेऊन फोटो काढले होते, ते फोटो मीच काढलेत, त्यामुळे तुम्हाला काहीच वाटत नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

उत्तर लेखी द्या आणि सगळ्यांना वाचता येईल असं द्या. बाकीच्या गोष्टींना पुढच्या बोर्ड मीटिंगपर्यंत वेळ घ्या, पाटीला अजून वेळ घ्या, पण तांबीचं आणि वह्यांचं या आठवड्यातच कळवा, कारण पिंजरा धुऊन तयार ठेवलाय आणि रद्दीवाल्याला तारीख दिलेली आहे असं मला समजलंय.

भुऱ्याला वाढवणाऱ्यांपैकी एक